ताटाखालचं मांजर आणि कोरियाचा ग्वानशिक

‘ताई, तुम्हाला हसू येईल, पण आमच्या घरात सासू-सुनेचं भांडण कोरियावरून झालंय.

मी अमळनेर-पारोळ्याकडची. वय ३१, बी.एस्सी., सकाळी शिकवण्या घेते. घरात नवरा (खतांचं दुकान), सासरे, सासूबाई आणि ५ वर्षांचा मुलगा. गेल्या वर्षापासून रात्री भांडी आटोपली की मी आणि सासूबाई माझ्या मोबाइलवर कोरियन मालिका बघायचो. खाली इंग्रजी ओळी येतात, त्या मी वाचायचे आणि त्यांना अहिराणीत सांगायचे. सासूबाईंनी बरीच वर्षं आठवडे बाजारात भाजी विकली आहे, त्यामुळे मत नाही असा विषय नाही. “व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स”मध्ये नायिका कोबीच्या ढिगाशेजारी पुस्तक वाचत बसते ते बघून म्हणाल्या, “अशी मान खाली घालीसन कोबी खपत नही, माय.” मी हसून लोळले. त्यांची अशी मतं मी कॉलेजच्या मैत्रिणींना व्हॉइस मेसेज करून पाठवायचे, “सासूबाईंचा रिव्ह्यू” म्हणून. त्यांना हे माहीत नाही.

मग तो जेवणाचा प्रसंग आला. पुरुष एका टेबलावर, बायका बाजूच्या लहान टेबलावर, आणि नायक ग्वानशिक पुरुषांकडे पाठ करून बायकोच्या टेबलाकडे वळतो. सासूबाई म्हणाल्या, “हाऊ ते बायकोना ताटखालनं मांजर शे!” मला काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, “निदान त्याला बायको काय जेवते ते दिसतं तरी. या घरात कोणाला दिसतं?” त्या “मना डोया लागी ऱ्हायनात” म्हणून उठून गेल्या. आज ३ आठवडे झाले, नऊ वाजता झोपतात.

नवरा म्हणतो, सिरियलवरून कोणी भांडतं का? नणंद पुण्याहून म्हणाली, आईला काय कळतं कोरियन मालिकेतलं, तू एकटी बघ. खरं सांगायचं तर त्या प्रसंगात मी एक वाक्य पदरचं घातलं होतं. नायिका मनात म्हणते की या घरात माझ्या पोटाचं कोणाला पडलंय, असं मी सांगितलं. ती तसं काही म्हणत नाही. आमच्याकडेही पुरुषांची जेवणं आधी, मग आम्ही दोघी. माझं चुकलं का? त्यांना परत कसं बोलवू?

— एक सून’

तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. माझी धाकटी भाची तुझ्याच वयाची आहे, आणि तिचंही असंच, सगळं सांगून झाल्यावर मुद्द्याची गोष्ट कोपऱ्यात कोंबायची. पत्रभर कोरिया सांगितलास आणि जाता जाता लिहिलंस, ‘पुरुषांची जेवणं आधी, मग आम्ही दोघी.’ यातलं ‘दोघी’ पुन्हा एकदा वाच. मी तिथेच अडले. पण त्याकडे नंतर येते. आधी तुझ्या नणंदेचा हिशोब करू, तो लवकर उरकेल.

आईला काय कळतं, हे पुण्यात बसून बोलायला सोपं आहे. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या या मालिकेचं मूळ कोरियन नाव ‘पोकसाक सोगात्सुदा’. हे सोलच्या प्रमाण भाषेतलं नाव नाही, जेजू बेटाच्या बोलीतलं आहे. अर्थ साधारण ‘लई कष्ट उपसलेत’ असा. सोलच्या माणसाच्या कानाला ते ‘पार फसलात की’ असं लागतं, कारण त्याच्या भाषेत तो शब्द फसण्याचा. म्हणजे खुद्द कोरियात राजधानीच्या माणसाला या नावाचा अर्थ कोणाला तरी विचारावा लागतो. आपल्याकडचं कोणी पुण्यात ‘मना आंडोर’ (माझा मुलगा) म्हणालं की समोरचा कसा तोंडाकडे बघत राहतो, तसंच. तेव्हा ती कथा अहिराणीत ऐकणाऱ्या बाईला ती कमी पोचली असं मी मानत नाही. एका बोलीतून निघाली, दुसऱ्या बोलीत उतरली. मधे इंग्रजीत गाडी बदलली, जशी आपण भुसावळला बदलतो.

आणि ते कोबीवरचं मत! अगं, हे मत देण्याचा अधिकार तुझ्या-माझ्यापेक्षा तुझ्या सासूचा मोठा आहे. एसुन (तीच ती नायिका) कोबीशेजारी कवितेत डोकं खुपसून बसते आणि तिचा माल ग्वानशिक विकतो, हे बघताना आपल्याला त्यातलं प्रेम दिसतं. ज्या बाईने थंडीत अंधार असताना मेथीच्या जुड्या बांधून बाजार गाठलाय, तिला गिऱ्हाईक दिसतं, सुकत चाललेलं वरचं पान दिसतं, संध्याकाळी उरलेला माल दिसतो. तिने बरोबर सांगितलं. लेखिकेलाही तेच सांगायचंय की या पोरीचा जीव बाजारात नाही, तिला कवी व्हायचंय. आपण ते बघून डोळ्यांना पदर लावतो, तुझ्या सासूने त्याला धंद्याच्या भाषेत पकडलं.

मला वाटतं याच मालिकेतल्या हेन्यो बायकांबद्दलही त्यांची मतं असणार. जेजूच्या या पाणबुड्या बायका नळकांडं न लावता, नुसता श्वास रोखून समुद्रात खाली जातात आणि शंख-शिंपले काढून आणतात. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या या परंपरेला आपल्या यादीत घेतलं. एसुनची आई हेन्यो, पण आपल्या पोरीने समुद्रात उतरू नये असं तिला वाटतं. पुढे एसुनच्या मुलीलाच हेन्यो करायचा घाट सासरी घातला जातो आणि एसुन उसळते. (हे तू अजून पाहिलं नसशील तर माफ कर.) तू आणि मी डोळे झाकून एसुनच्या बाजूने. तुझ्या सासूबाई मात्र ‘पोरगीना हातमा धंदा ऱ्हायना ते ती उपाशी मरत नही’ असं म्हणाल्या तर मला नवल वाटणार नाही. आणि तसं म्हणणारी बाई दुष्ट ठरत नाही. तिने उपास पाहिलेले असतात.

आता तुझ्याकडे येते.

तू लिहितेस की तुम्ही दोघी मालिका बघायचात. तू बघायचीस. त्या तुला ऐकायच्या. एसुन त्यांच्याशी तुझ्या आवाजात बोलायची, ग्वानशिकही तुझ्याच आवाजात, एसुनची सासूसुद्धा. त्यामुळे त्या रात्री एसुनच्या तोंडी जे वाक्य तू घातलंस ते त्यांना सुनेच्या तोंडून, सुनेच्याच आवाजात, स्वतःच्याच घरात ऐकू आलं. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण आपल्याकडे सासवांनी जन्माला घातली, तू ती उलटी फिरवलीस. एसुन बोलली आणि सासूला लागलं. मग त्यांनी ‘ताटाखालचं मांजर’ म्हणून जो टोला हाणला तो ग्वानशिकला होता की त्या वाक्याला, हे तूच ठरव. मला तर ते उत्तर वाटतं. त्यावर तू पुन्हा उत्तर दिलंस, तेही उघड.

चुकलं का, असं विचारतेस. उघड बोललीस त्याचं मला काही वाटत नाही. पदरचं वाक्य घातलंस ते चुकलं. दुसऱ्याला वाचता येत नाही म्हणून त्याला वाचून दाखवणारा माणूस पत्रातला मजकूर बदलत नाही, एवढी रीत आपल्या गावातल्या पोस्टमननेही पाळली होती.

आपलं भांडण दुसऱ्याच्या घरावर उरकून घ्यायचं, यात तुम्ही दोघी काही वेगळं करत नाही म्हणा. सगळे प्रेक्षक तेच करतात. ‘रिप्लाय १९८८’ ही मालिका २०१६ च्या जानेवारीत संपली. त्यात नायिकेचा नवरा पुढे कोण होणार हे बराच काळ लपवून ठेवलं होतं आणि त्यावरून कोरियात सरळ दोन तट पडले, जंगह्वानवाले आणि तेकवाले. आपला मुलगा हरला म्हणून चिडलेली माणसं अजून चिडलेलीच आहेत. मी जंगह्वानवाली. का, ते सांगत नाही, आमच्या घरात हे सदर वाचतात. सासू-सुनेच्या कटकटीला तर कोरियन भाषेत स्वतंत्र शब्दच आहे, गोबू गाल्दुंग. गोबू म्हणजे सासू-सून, आणि गाल्दुंग या शब्दाच्या पोटात दोन वेलींची नावं आहेत, एकमेकींत अशा अडकलेल्या की सोडवता येऊ नयेत. त्या लोकांनी यावर इतक्या मालिका काढल्यात की आपल्या दुपारच्या मालिका लाजतील. २०१४ च्या एका मालिकेत तर ओल्या किमचीने थोबाडीत मारलेली आहे. सासूबाईंचा मूड अगदीच गेलेला असेल तर आधी तेवढा तुकडा शोधून दाखव, हसतील.

तर ते ‘दोघी’.

तुझ्या घरी पुरुष आधी जेवतात. मग तू आणि सासूबाई. म्हणजे ज्या बुटक्या टेबलावर एसुन बसली होती, त्याच टेबलावर तुझी सासू बसते. तू येण्याआधी किती वर्षं बसली असेल, तू हिशोब कर. त्यांच्याकडे कोणी वळलं नाही. ना सासरे वळले, ना मुलगा. आणि अचानक मोबाइलवर एक कोरियाचा पोरगा येतो, भरल्या घरात बापासमोर पाठ फिरवतो आणि बायकोच्या पुढ्यात जाऊन बसतो. मग साठीची बाई काय म्हणेल? ‘किती छान’ म्हणेल? म्हटलं तर तीस-पस्तीस वर्षांच्या जेवणांचा हिशोब उघडा पडतो. त्यापेक्षा त्याला मांजर म्हणणं सोपं.

मी हे शहाणपणाने सांगत नाही, माझं स्वतःचं गाढवपण आठवून सांगतेय. १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा मी धुळ्यात नवी सून होते. गल्लीत एकच टीव्ही, रविवारी सकाळी सगळी गल्ली त्या ओसरीवर. कैकेयीच्या प्रसंगात बायका बोटं मोडत होत्या, आणि माझ्या सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘रथनं चाक सांभाळं तवय ती गोड व्हती, आते वाईट व्हयनी?’ मी आठवडाभर घुश्शात होते. मला वाटलं, मी वेगळं राहायचा विषय काढला होता त्यावरून मला कैकेयी म्हणतायत. पुष्कळ उशिरा, शेतीच्या वाटण्या झाल्या तेव्हा कळलं की सासरे अंथरुणाला खिळले होते त्या ४ वर्षांत शेत यांनी एकटीने ओढलं होतं आणि कागदावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. कैकेयी त्या स्वतःलाच म्हणत होत्या. माझा तिथे संबंधच नव्हता. सुनांना वाटतं सासूचं प्रत्येक वाक्य आपल्यासाठीच असतं. एवढं महत्त्व त्या आपल्याला देत नसतात गं.

आता नवऱ्याकडे. ‘सिरियलवरून कोणी भांडतं का’ असं विचारणारा तुझा नवरा पत्रात एका ओळीत येतो आणि निसटतो. मला तो निसटू द्यायचा नाही. त्या प्रसंगात वळला कोण? एसुनची सासू वळली का? ग्वानशिक वळला. मग तुझ्या घरी जे व्हायला हवंय असं तुला वाटतं, ते करायचं कोणी होतं? तू ज्याला विचारायचं त्याला विचारलं नाहीस, कारण तो दुकानातून दमून आलेला असतो, आणि जी बाजूला बसली होती तिच्यावर काढलंस. तुझा सवाल खरा होता, पत्ता चुकला. नवऱ्याला सांग, हो, सिरियलवरून भांडण होतं, आणि त्यात तुझंही काम आहे, तुला फक्त संवाद नाहीत.

आपल्याकडे बायका मागून जेवतात याला मानपान हे कारण आहेच, पण तव्याचंही कारण आहे, ते कोणी बोलत नाही. कळण्याची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली तर तिची मजा. ती गार झाली की कडक होते. म्हणून एकीने थापायची, एकीने वाढायची, आणि खाणाऱ्यांनी खायचं. हे असंच चालू ठेवून ‘सगळे एकत्र बसू’ म्हटलं तर चार दिवसांत बारगळेल, कारण पाचव्या दिवशी कोणाला तरी गरम भाकरी हवी होईल. म्हणून लहान सुरुवात कर. आठवड्यातला एक दिवस धर. भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवायच्या, शेवभाजीचं पातेलं मधोमध, आणि पाचही जण एकदम बसायचं. भाकरी जरा कडक लागेल. शेवभाजीच्या तर्रीत कुस्करली की कळतही नाही. सासरे कुरकुरतील, कुरकुरू देत. हे जाहीर करायचं नवऱ्याने, तू नाही. सासूबाईंना आधी विचारायचं, तेही त्यानेच, आणि त्या ‘नको’ म्हणाल्या तर लगेच मान डोलवून पळायचं नाही. पहिल्यांदा ‘नको’च म्हणतील. इतक्या वर्षांची सवय आहे.

त्यांना मोबाइलपाशी परत आणायचं कसं, हे विचारलंस. माफीचं भाषण करू नकोस. आपल्याकडच्या सासवा माफी मागितली की आणखी अवघडतात, मग ‘काय व्हयनं एवढं’ म्हणून विषय बंद. नऊ वाजता त्या आडव्या होतात ना, साडेआठला त्यांच्या बाजेवर जाऊन बस. तोच जेवणाचा प्रसंग काढ. सांग की त्या रात्री मी एक वाक्य पदरचं घातलं होतं, आता जसं आहे तसं सांगते. आणि खरोखर तसंच सांग. जिथे कोणी बोलत नाही तिथे तूही गप्प राहा. त्यांना तो प्रसंग एकदा नुसता बघू दे, तुझ्या आवाजाशिवाय. त्यानंतर त्या काही बोलल्या तर ऐक. ‘तुमच्याकडे कधी कोणी वळलं होतं का?’ हा प्रश्न तुझ्या जिभेवर येईल, तो मात्र विचारू नकोस. तो त्यांचा आहे. त्यांना काढावासा वाटला तर त्या काढतील, कदाचित बिबडे (ज्वारीचे पापड) करताना पहाटे, त्याचा घाटा ढवळताना, तोंड दुसरीकडे असताना.

गप्पा सुरू करायच्याच असतील तर कोबीवर कर. विचार की जेजूच्या त्या बाजारात तुम्ही असतात तर कोबीचा भाव काय लावला असता, हाक कशी मारली असती, संध्याकाळी उरलेला माल कितीला काढला असता. अर्धा तास तुला एक अक्षर बोलावं लागणार नाही.

मैत्रिणींना पाठवलेल्या त्या ‘सासूबाईंचा रिव्ह्यू’चं काय? एकीच्या तरी तोंडून ते गावात येणारच, अमळनेर काही फार लांब नाही. तूच सांगून टाक. सांगताना एखादा मेसेज लावून ऐकव आणि मैत्रिणींनी काय म्हटलं तेही सांग. माझा अंदाज आहे, त्या आधी ‘बाई, कसं पाठवतेस गं असं’ म्हणतील आणि मग विचारतील, ‘आणखी कोणती पाठवलीस?’ अंदाज चुकला आणि त्यांना वाईट वाटलं तर मात्र पाठवणं त्या दिवसापासून बंद. हसणाऱ्या मैत्रिणी दुसऱ्या मिळतील.

एक छोटी सूचना, उरलेल्या भागांसाठी. मालिका १६ भागांची आहे, वसंत, ग्रीष्म, शरद, हिवाळा अशा ४ तुकड्यांत. घाई करू नका, रोज एकच. आणि त्यातल्या बायका क्षणाक्षणाला ‘आयगो’ म्हणतात ना, दमल्यावर, घाबरल्यावर, पोराला छातीशी धरताना, गुडघ्यावर हात ठेवून उठताना, त्याचं भाषांतर करत बसू नकोस. ते त्यांना तुझ्या आधी कळतं.